पाणबुडीचे व्हॉल्व्ह आणि अर्धा कटिंग

आमच्या कारखान्यात खर्च वाचवायला काहीच टाकून देत नाहीत. त्यामुळे किस्सेही साठत गेलेत! डोंबिवलीच्या एमआयडीसीत आम्ही पाणबुडीचे व्हॉल्व्ह बनवतो आणि मी त्यांचं कॉस्टिंग बघते. मालक म्हात्रे सेठ ठाकुर्लीचे. शेतावर टॉवर आले, पण हात सैल झाला नाही. आम्हाला चहा देतात तोही अर्धा कटिंग!

*

पहिल्या ऑर्डरला पाणबुडी बांधणाऱ्या गोदीच्या साहेबांनी प्रत्येक व्हॉल्व्हमागे जाडजूड फाईल मागितली. धातू कुठला, वेल्डर कोण, तपासलं कोणी, सगळं! सेठनी एका हातात व्हॉल्व्ह घेतला, दुसऱ्यात फाईल.

"नेने, बोटीन ही फाईलच बसवा. जड हाय, बरोबर बुरंल!"

*

नेने काका म्हणजे आमचे क्वालिटीवाले. सेठ एकदा त्यांच्यावर वैतागले, "बोट बुरवाचीच हाय, तं प्रेशर टेस्टवर एवरा खर्च कशाला?"

काका चष्मा पुसत म्हणाले, "बुडायला खर्च नसतो हो म्हात्रे. वर यायला असतो."



*

माल तयार झाला की साहेब लोक ड्रॉईंग बदलायचे आणि आमचा माल भंगारात. तिसऱ्या वेळी सेठनी ड्रॉईंगवर सही घेतली आणि ते चक्क लॅमिनेट करून आणलं!

पुढचा बदल आला तेव्हा फोनवर म्हणाले, "आता कसा बदलनार सायेब? लॅमिनेशन झालाय!"

*

आमचा टर्नर दिवा गावात राहायचा. घरी पाण्याची बोंब, म्हणून टेस्टच्या टाकीतून रोज दोन कॅन भरायचा. पकडला गेला.

"सेठ, टेस्ट झाल्यावर फेकताच ना?"

सेठनी मला कॉस्ट शीटमध्ये लिहायला लावलं: 'पाण्याचा पुनर्वापर'!

*

मग पुढच्या बोटीची ऑर्डर निघाली. ती गेली असती तर कारखान्याला टाळंच. मी रात्रंदिवस देव पाण्यात ठेवून बसलेले. मीटिंगला नवीन साहेब म्हणाले, "रेट उतरवा, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे."

पॅकिंग कमी केलं, वाहतूक कमी केली. तरी भागेना.

शेवटी साहेबांनीच तोड काढली, "टेस्टिंग महाग पडतंय. दहातला एकच व्हॉल्व्ह टेस्ट करा. जमेल?"

मला वाटलं, सेठ उडीच मारणार. मीही मनात म्हटलं, हो म्हणा एकदाचे!

"जमंल की सायेब," सेठ म्हणाले. "मंग आतली पोरा? तीपन दहातला एकूच वर आनाचा काय?"

साहेबांनी जुन्याच रेटवर सही केली.

परतल्यावर सेठ कारखान्यात शिरले आणि ओरडले, "चहा सांग गो! आज कटिंग अख्खा!"