मागच्या सीटवरचे परीक्षक

फोर बाय फोर गाडीला वेगळं लायसन हवं, नाहीतर या देशाचं काही खरं नाही. सोलापुरातले माझे शेजारी काका रोज गाडी पुसताना हे बजावतात. म्हणूनच साधं लायसन असलेल्या स्वतःच्या मुलीला ते किल्ली देत नसत.

परवा मोडनिंबजवळच्या शेतरस्त्यावर काकांनी आम्हाला गाडीसकट चिखलात रुतवलं. चाकं जागीच फिरत राहिली, काका रस्त्याला दोष देत राहिले.

"पप्पा, उतरा की आता," मुलगी म्हणाली. चारही चाकांना जोर देणारा छोटा गिअर, ज्याला काकांनी पुसण्यापलीकडे कधी हात लावला नव्हता, तिने टाकला आणि गाडी अलगद बाहेर काढली.

"पास!" काका गंभीरपणे म्हणाले. "मुद्दाम रुतवली होती. परीक्षा घेतली तुझी."

"व्हय का? लईच अवघड पेपर काढला की!"

सोलापूरपर्यंत गाडी तिनेच चालवली. काका मागे घोरत होते.