भोंग्याची कुजबुज

बसस्थानकावर माईकसमोर बसून गाड्या पुकारणाऱ्या माणसाला सगळे भोंगा म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि गडी खूश होई. घडवणाऱ्यानं घडवताना मापात काहीतरी घोटाळा केला होता. गळ्यात एवढं ओतलं की वर डोक्यात घालायला फारसं उरलंच नाही. शाळेत त्याला पाढे येत नसत, पण चुकीचे पाढे तो इतक्या मोठ्यानं म्हणे की मास्तरांनाच स्वतःबद्दल शंका येई. नोकरीतही तीच तऱ्हा. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे पुष्कळदा त्याला ठाऊक नसे. पण पुकारताना आवाजात असा ठामपणा, की माणसं मुकाट्यानं पोरंबाळं, बोचकी उचलून भलत्याच फलाटावर जाऊन उभी राहत, आणि गाडी हुकली की आपल्याच कानांना दोष देत. माईक बंद पडला तरी तो पुकारत राही. माईक बंद पडल्याचं कुणाच्या लक्षातही येत नसे.

बायकोनं सगळा संसार एका वाक्यावर रेटला होता. "अहो, मी शेजारीच बसलेय."

तर अशा या माणसाची लेक बाळंत झाली, आणि झाली ती चांगली दोन महिने आधी. पोर एवढीशी, की भोंग्याच्या चपलेत झोपली असती. तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. अंगाला नळ्या, तारा, डोक्याशी आकडे दाखवणारं यंत्र. जावई बोटीवर, दूर समुद्रात. धावपळ करायला घरात दोघंच, भोंगा आणि त्याची बायको. म्हणजे खरं पाहता एकटी बायको.

भोंग्याला मात्र न्हाव्याच्या खुर्चीत ज्ञान झालं होतं. न्हावी म्हणाला होता, बाळाशी बोललं की बाळाचा मेंदू वाढतो. आता ते काही अगदी खोटं नव्हे. पण अर्धं ज्ञान भोंग्याच्या हाती पडलं म्हणजे त्याचं काय होणार, हे गाड्या हुकलेल्यांना विचारावं.

पहिल्याच दिवशी तो पेटीपाशी वाकला, बाजूच्या गोल झरोक्याला तोंड लावलं आणि नातीचं स्वागत केलं. जसं गाडीचं करतात तसं.

पोर थरारली. हातपाय ताठ, रंग निळसर, यंत्र किंचाळायला लागलं. शेजारच्या दोन पेट्यांतली बाळंही दचकली. सिस्टर धावत आल्या, त्यांनी पोरीच्या तळपायावर बोट फिरवलं, तिचा श्वास पुन्हा सुरू होईपर्यंत हलल्या नाहीत. मग भोंग्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढलं.

"आजोबा, काय करत होतात?"

"मेंदू वाढवत होतो."

सिस्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं माणूस बुटाला लागलेल्या चिखलाकडे पाहतो.

"ऐका. पोटातले शेवटचे महिने म्हणजे मेंदूला घड्या पडायचे दिवस. तोवर तो गुळगुळीत असतो. हे काम पोटात अंधारात, झोपेत चालतं. ही पोर तेच काम इथे उघड्यावर करतेय, दिव्यांत आणि आवाजात. तुम्ही दचकवलंत की ती श्वास घ्यायचंच विसरते. बोलायचं असेल तर हळू बोला."

"हळूच बोललो मी," भोंगा म्हणाला. व्हरांड्याच्या टोकाला झाडू मारणारा माणूस वळून बघायला लागला.

"बाहेरच थांबा," सिस्टर म्हणाल्या.

झालं. भोंगा व्हरांड्यातल्या बाकावर. बायको आत जाई, लेकीशेजारी बसे, बाहेर येऊन सांगे की आज डोळा उघडला, आज बोट धरलं. भोंगा ऐके. त्यानं कुजबुजायचा सराव करून पाहिला, पण कुजबुज म्हणजे नुसता आवाज कमी करायचा हे त्याला जमेना. वाफ दाबून धरलेल्या कुकरसारखा फुसफुसे, आणि शेवटी शिट्टी होईच. बाकावरची माणसं उठून लांब बसायला लागली. त्या बाकावर त्याला बहुधा जन्मात पहिल्यांदा एक विचार सुचला. आवाज काढून घेतला, तर नातीला द्यायला आपल्यापाशी काय उरतं? बाकीच्यांना याचं उत्तर केव्हाचंच ठाऊक होतं. काही नाही. पण त्याला तो प्रश्न नवा होता, त्यामुळे तो त्या दिवशी जेवला नाही.

लेक रोज पोरीला उघड्या छातीशी धरून बसत असे. तशानं पोरीचा श्वास संथ चाले, झोप लागे. एके दिवशी लेकीला ताप भरला. बायकोला आदल्या दिवसापासून खोकला, म्हणून तिलाही आत मनाई. सिस्टर बाहेर आल्या, बाकाकडे बघून त्यांनी एक लांब सुस्कारा सोडला.

"आजोबा, सर्दीखोकला आहे का?"

भोंग्यानं नाही म्हणून मान हलवली. तोंड उघडायची भीती वाटली त्याला.

"मग हात धुवा, आंघोळ करून स्वच्छ सदरा घालून या, आणि आत बसा. एक शब्द बोललात तर परत बाक."

"पण मग मी तिला काय—" एवढं निघालंच.

"छाती आहे ना? तेवढी पुरे."

पोर त्याच्या छातीवर ठेवली. वर दुपटं. भोंगा श्वाससुद्धा हप्त्याहप्त्यानं घेत होता. आवंढा गिळला तर केवढा मोठा वाजला. नाकात खाज आली, डोळ्यांतून पाणी आलं, पण हा पठ्ठ्या हलला नाही. सिस्टर येऊन आकडे बघून गेल्या, पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. पोरीची मूठ त्याच्या छातीवरच्या पांढऱ्या केसांत अडकली होती, आणि ती गाढ झोपली होती. आत, त्या टिचभर कवटीत, घड्या पडत होत्या.

लेकीचा ताप उतरेपर्यंत तोच बसला. बायको काचेतून बघत म्हणाली, "जन्मात एकदा गप्प बसलात, तर बघा, कुणाचं तरी भलं झालं."

पोर घरी आली तेव्हा शेजारी दारात जमले. भोंगा ओट्यावर बसून सुरू झाला. नातीचा मेंदू कसा त्यानं एकट्यानं वाढवला, डॉक्टर कसे थक्क झाले, असं गप्प बसणं दुसऱ्या कुणाच्या बापाला जमलं नसतं. सिस्टर, लेक, बायको, कुणाचा उल्लेख नाही. एवढ्यात आतून लेकीचा हात आला आणि खिडकी लावून गेला.

भोंगा वाक्याच्या मध्यावर थांबला. खिडकीकडे बघितलं. मग पुढची सगळी फुशारकी त्यानं पुरी केली, पण कुजबुजत. खरीखुरी, शिट्टी न होणारी कुजबुज. शेजारी पुढे वाकले. ऐकू काहीच येईना, तरी माना डोलावत राहिले.

"आता थापा ऐकायलाही जवळ जावं लागतं," बायको म्हणाली, आणि आत निघून गेली.