सात एकं

आमचे वडील हसनाबादच्या शाळेत उर्दूतून गणित शिकवायचे आणि घरी आम्हा दोघी बहिणींना मराठीतून. एकदा त्यांनी पाटीवर ओळीनं सात एकं मांडली: अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. म्हणाले, "हिला कशानं तरी बराबर भाग जातो. कशानं, ते तुम्ही हुडका." फक्त मूळ संख्या लावून पाहायच्या, आणि हजाराच्या जरा पुढं जाऊन थांबायचं, त्याहून मोठ्या दोन संख्यांचा गुणाकार हिच्यापल्याड जातो.

तीन, सात, अकरा, तेरा. संख्या कुणालाच दाद देईना. शंभराच्या पुढं गेलो आणि अक्काचं लग्न ठरलं. सासर जांबचं, बैलगाडीनं तीन मुक्कामांवर. निघायच्या आदल्या दिवशी तिनं वाटणी केली. "शेवटी एक आन् सात येणाऱ्या तुझ्या. तीन आन् नऊ माझ्या. कार्डावर कळवीत जा."

ती गेल्यावर घर फार शांत झालं. मी दुपारी पाटी घेऊन बसायची. महिन्याला तिचं कार्ड यायचं: सगळे खुशाल, अमुक संख्येपर्यंत पाहिलं, भाग न्हाई जात. मीही तसंच लिहायची. तिच्या सासऱ्यांना ते जपाचे आकडे वाटायचे. तिच्या वाट्याची एकही संख्या मी लावून पाहिली नाही.

तीन वर्षांनी तिच्या दिराच्या लग्नाला जांबला गेले. सोप्यात दोघी तांदूळ निवडत होतो. मी म्हटलं, "माझ्या वाट्याच्या हजारापर्यंत सरल्या, अक्का. आता तुझ्यातच असंल."

ती खाली मान घालून निवडत राहिली. मग म्हणाली, "दोनशे एकोणचाळीस. पैल्याच वर्षी घावली व्हती."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू कार्ड कशाला लिहिलं असतंस?"

मला राग आला. दोन वर्षं मी फुकट भागाकार केले होते. पण तिच्या हाताकडं पाहिलं, सूप धरलेला हात हलत नव्हता, आणि मी परत तांदूळ निवडायला लागले.

परतताना तिनं नवी संख्या दिली. एकोणीस एकं. "ही जल्दी सरायची न्हाई," म्हणाली.

ती सरली नाहीच. माझं लग्न झालं, तरी कार्डं चालू राहिली. अठ्ठेचाळीसच्या रझाकारांच्या धामधुमीत टपाल थांबलं. तिच्या घरचे सगळे खानदेशात निघून गेले होते. कितीतरी महिन्यांनी तिचं कार्ड आलं. त्यात मुलांच्या तब्येतीचं होतं, नव्या गावच्या पाण्याचं होतं. संख्येचं एक अक्षर नव्हतं.

मीही उत्तरात मुलांचंच लिहिलं. त्या दिवशी माझा आकडा तयार होता: चारशे एकवीसपर्यंत पाहिलं होतं, भाग जात नव्हता. तो का लिहिला नाही, याची रुखरुख अजून जात नाही.