फोटोतली मी

स्टाफरूमच्या टीव्हीवर माझा फोटो लावला होता. पडदाभर.

नागपूरच्या प्राइड मोर्चातला. गालावर रंग, हातात पुठ्ठा. त्यावर माझ्याच अक्षरात: ‘मी बाई आहे. माझं प्रेम बाईवर आहे.’

सौंसरची खाजगी शाळा. आठ वर्षांपासून मी तिथं गणित शिकवून राहिली होती. पांढुर्ण्याहून रोज बसनं यायची. संचालक संत्र्याचे मोठे बगीच्यावाले. सगळ्यांसमोर म्हणाले, “बसा मॅडम, पाहा आपला सिनेमा.”

लोक हसले. वंदनाताई रोज माझ्यासोबत डबा खायची. तिनं खुर्ची दूर सरकवली. दोनच बोटं. पण सरकवली.

“तुमच्या लोकायले नोकरी दिली, हेच चुकलं,” संचालक म्हणाले.

आम्ही बौद्ध. ‘तुमचे लोक’ म्हणजे काय, हे मले लहानपणापासून समजते.

मग कागद पुढं आला. ‘फोटोतली मी नाही’ असं लिहून द्यायचं. उद्या प्रार्थनेले माइकवर वाचायचं. नाहीतर फोटो माझ्या मायले पाठवू. मायनं कापूस वेचून मले शिकवलं. तिले यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी लिहून दिलं. सहीही केली.

संध्याकाळी ताट तसंच बाजूले सारलं. माय म्हणे, “तब्येत बरी नाही का वो?”

“बरी आहे.” तेही खोटंच.

सकाळी माइकसमोर उभी झाली. पोरं रांगेत, संचालक बाजूले. वाचलं, “फोटोतली मी...” पुढचा शब्द तोंडातून निघेना. लघवी होते का काय असं वाटलं.

मग म्हटलं, “फोटोतली मीच आहे.”

संचालकांनी माइक हिसकला. “बाहेर काढा हिले!”

फोटो माझ्याआधी घरी पोचला. माय मोबाईल घेऊन दारातच बसली होती.

“हे तूच होय?”

“हो, माय.”

तिनं मोबाईल पालथा ठेवला. मग म्हणाली, “आता लोकायले मी काय सांगू?”

“तू नको सांगू. मी सांगीन.”

तिनं तोंड फिरवलं. अजूनही नीट बोलत नाही.

नोकरी गेली. भेव नाही गेलं. घरासमोर मोटरसायकल थांबली की मी दाराची कडी पाहते. बाजारात कोणी हसलं तर वाटते, माझ्यावरच हसलं.

पण रविवारी मोहल्ल्याच्या विहारात बायांची सभा आहे. बोलणाऱ्यांत मी माझं नाव दिलं. पाय कापतील. कापू दे. कोणी उठून जाईल. जाऊ दे. पूर्ण बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही.