टाच बाहेर

मुलांनो, काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही सायकलचे नवे बूट दाखवलेत. ते पॅडलमध्ये अडकताना खट् असा आवाज झाला आणि माझं मनगट आठवणीनेच ठणकलं, म्हणून हे आज लिहून ठेवते. साठाव्या वर्षी मला सोलापूरहून तुळजापूरला सायकलने जायचं होतं. माझ्या पॅडलला चामडी पट्टे होते. पाय मागे ओढला की सुटायचा. तुमच्या बाबांनी हौसेने असलेच बूट आणि पॅडल पाठवली. त्यांतून सुटायला टाच बाहेर वळवावी लागते. पंधरा दिवस भिंतीला धरून सराव केला, हँडलवर ‘टाच बाहेर’ अशी चिठ्ठीही चिकटवली. त्या सकाळी शहराबाहेर मेंढरं आडवी आली. मी ब्रेक दाबला, सवयीने पाय मागे ओढला, पुन्हा ओढला, आणि सायकलसकट आडवी झाले. भोवती लेंड्यांचा वास आणि धूळ. मेंढरांमागची बाई धावत आली. “पाय सोडा की, बाई!” “सुटत नाही हो!” मी चिडून ओरडले. “मग बूट ऱ्हाऊ दे तितंच, पाय तेवढा काडा की!” तिनेच बुटाच्या पट्ट्या उकलून माझा पाय बाहेर ओढला. माहितीपुस्तिका दोनदा वाचूनही मला हे सुचलं नव्हतं. सकाळी माझ्यासोबत निघालेले सायकलवाले तोवर पुढे निघून गेले होते. एका पायात नुसता मोजा, मनगट सुजलेलं, अशी मी टेम्पोतून घरी परतले. ती पॅडल कपाटात आहेत, सायकलला जुनेच पट्टे आहेत, आणि तुळजापूर अजून राहिलेलं आहे.