चिंचेनं पुसलेली दोन नावं

मैत्रिणींनो, आज सकाळी माझी मोठी फजिती झाली.

शोरूमचे मॅनेजर भिंगारला आमच्या घरी आले होते, ह्यांची लग्नाआधीची मोटारसायकल बघायला. तेव्हा त्या गाडीची कंपनी एका परदेशी कंपनीच्या जोडीनं गाड्या बनवायची आणि टाकीवरच्या पट्टीवर दोघींची नावं असायची. आता एकटीच बनवते, वर परदेशातही विकते! पाडव्याला शोरूममध्ये तशी दोन नावांची जुनी गाडी मांडायची होती. हे तर कालपासून इस्त्रीचा शर्ट काढून बसलेले.

मॅनेजर टाकीपाशी वाकले. "काका, नावाची पट्टी कोरी कशी?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. दर दसऱ्याला देवाची भांडी घासून उरलेल्या चिंचेनं मी ती पट्टी घासते. लख्ख निघते! नावं कधी गेली, खरंच कळलं नाही.

मॅनेजर हसले. "काकू, परदेशी नाव काढायला कंपनीला कितीतरी वर्षं लागली. तुम्ही दोन्ही चिंचेनं काढलीत! आता ही नाही चालायची आम्हाला."

हे गाडीवर चादर टाकून आत गेले. चहासुद्धा घेतला नाही.

बायांनो, कुणाच्या अडगळीत तशी पट्टी असेल तर कळवा. कितीही मळलेली चालेल, मी हात लावणार नाही.