गुडुवांचेरीचं बिढार

चेन्नईत क्रोमपेट स्टेशनपासून दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर जयतीर्थराव एकटे राहतात. वजनमापे खात्यात निरीक्षक होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. मूळचे तंजावरचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, अशीच त्यांची हयात गेली. मुलगा श्रीहरी टोरंटोला असतो. तो रविवारी फोन करतो, पण तमिळमध्ये. मराठी त्याला कळतं, बोलायला जीभ वळत नाही. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी पत्नी विशालाक्षी गेली, तेव्हापासून जयतीर्थरावांचं मराठी बोलणं जवळजवळ बंद पडलं होतं.

मे महिन्यात एका संध्याकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"नमस्कार काका. मी इस्लामपूरहून कल्पना बोलतेय. मंदारची मावशी."

मंदार इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात नोकरीला होता. गणपतीच्या आरतीला ओळख झाली आणि त्याने नंबर घेऊन ठेवला होता. कल्पनाबाई शाळेत शिकवायच्या. नवरा नव्हता. मुलगी निधी हिला पोत्तेरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि तिला हॉस्टेल नको होतं.

"इंटरनेटवर दर ठिकाणी वेगळा आकडा दिसतो. मंदारला सुट्टी मिळत नाही. आसपासच्या गावांत खोलीचा भाव काय आहे, एवढं कळलं तरी पुरे."

जयतीर्थरावांना मराठी शब्द जुळवावे लागत होते. "बिढार पाहिजे मेणा." त्यांच्या तंजावरी बोलीत 'म्हणा'चं 'मेणा' होतं.

"काय पाहिजे?"

"बिढार. राहायला जागा."

"हां, बिऱ्हाड," कल्पनाबाई हसल्या. "पाहिजे की."

"उद्यां जातों. पाहून सांगतों."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या लोकलने ते निघाले. आधी पोत्तेरीला उतरले. कॉलेजच्या फाटकासमोरच्या गल्लीत तीन मुलींत एक खोली, दोन वेळचं जेवण धरून माणशी साडेनऊ हजार. खिडकी भिंतीवर उघडत होती. तिथून एक स्टेशन मागे गुडुवांचेरीला आले. तिथे चौदा हजारांत दोन खोल्यांचं अख्खं घर, चौघी राहिल्या तर माणशी साडेतीन. जेवणाचं मात्र आपलं आपण बघायचं.

ते नुसतं भाडं विचारून परतत नसत. नळाखाली बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून बघत. पाणी जिभेवर घेत. दारापासून स्टेशनपर्यंत चालत जाऊन मिनिटं मोजत. चाळीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासलेला माणूस, त्याला दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची सवय नव्हती.

रोज संध्याकाळी सात वाजता ते कल्पनाबाईंना फोन करू लागले.

"अ‍ॅडव्हान्स पाच महिन्यांचा मागतात," त्यांनी सांगितलं.

"पाच महिन्यांचं भाडं आधीच भरायचं?"

"न्हवे. तुम्ही डिपॉझिट मेणता ते. सोडतांना परत देतात. रंग लावायचा मेणून एक महिना कापतात."

"हे बरं सांगितलंत. नाहीतर मी भांडलेच असते."

मग बोलणं दुसरीकडे वळे. आज भाजी काय केली, तिकडे ऊन किती आहे, निधी स्वयंपाक शिकते की नाही. फोन ठेवल्यावरही जयतीर्थराव काही वेळ खुर्चीतच बसून राहत.

पाच दिवसांत निर्णय घेण्यापुरती माहिती जमली होती. तरी त्यांनी तसं सांगितलं नाही. "अजून मरैमलै नगर राहिलें आहे," म्हणाले. तिथे घर बारा हजारांत मिळत होतं, पण स्टेशनचा रस्ता संध्याकाळी ओस पडायचा. मग ऊरप्पाक्कम. मग सिंगपेरुमाळ कोविल. शेवटी चेंगलपट्टूपर्यंत गेले, जिथे राहायला निधी कधीच तयार झाली नसती.

"काका, उन्हात कशाला एवढे हिंडता?" कल्पनाबाई म्हणाल्या. "गुडुवांचेरीचं मला पटलंय."

"एकच जागा राहिली आहे. उद्यां सांगतों."

ती जागा त्यांच्याच घरात होती. श्रीहरीची खोली. त्यांनी ती झाडून घेतली, पंखा पुसला, पोत्तेरीपर्यंतच्या गाडीला किती वेळ लागतो ते पाहून ठेवलं. यादीत सगळ्यात खाली लिहिलं: क्रोमपेट, एक खोली, पाणी गोड. भाड्याची जागा मोकळी सोडली. संध्याकाळी यादी वाचून दाखवताना ते चेंगलपट्टूपाशी थांबले.

"आणि ती राहिलेली?" कल्पनाबाईंनी विचारलं.

"ती दूर आहे. कामाची न्हवे."

जूनमध्ये मायलेकी आल्या. मंदारने निधीला आणखी तीन मुली शोधून दिल्या होत्या. गुडुवांचेरीचं घर एका फेरीत ठरलं. मालकिणीशी तमिळमध्ये बोलून जयतीर्थरावांनी पाचशे रुपये कमी करवले. घरी त्यांनी सकाळीच सांबार आणि कोशिंबीर करून ठेवली होती.

"जेवायला चला. सगळें तयार आहे."

"काका, साडेतीनची गाडी आहे हो. निधीची गादी, बादली अजून घ्यायचीय. पुढच्या वेळी नक्की."

कल्पनाबाईंनी त्यांच्या पाया पडून निरोप घेतला. घरी येऊन ते एकटेच जेवले. सांबार तीन दिवस पुरलं.

सातचा फोन बंद झाला. आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. आठवड्याने एक मेसेज आला, 'तुमचे उपकार विसरणार नाही', खाली हात जोडल्याचं चित्र. उत्तर मराठीत लिहायला त्यांना अर्धा तास लागला. देवनागरी अक्षरं फोनवर सापडत नव्हती.

ऑगस्टमध्ये काही काम नसताना ते गुडुवांचेरीला उतरले. निधी मैत्रिणींबरोबर गल्लीच्या तोंडाशी ज्यूस पीत उभी होती. त्यांना बघून पुढे आली.

"आजोबा, तुम्ही इकडे?"

"थोडें काम होतें. पाणी येतें?"

"येतं की. सगळं मस्त आहे." ती क्षणभर घुटमळली. "घरी येता?"

मैत्रिणी हिंदीत तिला हाका मारत होत्या, बस येत होती.

"न्हको. जा तू."

पुढच्या वर्षी मुलींनी जागा बदलली. कॉलेजजवळचा फ्लॅट त्यांनी फोनवरच शोधला, न बघताच पैसे भरले. हे जयतीर्थरावांना मंदारकडून कळलं, तेही महिन्याभराने. फोनवर बोलता बोलता, सहज म्हणून.

"भाडें किती?" त्यांनी विचारलं.

"नाही माहीत, काका. विचारून सांगू?"

"परवाइल्लै," ते म्हणाले. असू दे.

मग त्यांनी मंदारला कारखान्याकडे ऊन किती आहे ते विचारलं. मंदार शिफ्टला निघाला होता, तरी दोन मिनिटं थांबून बोलला.